सेतिमिओच्या वाइनजोगं जेवण

लोक आधी जेवण ठरवतात आणि मग त्याला शोभेल अशी वाइन आणतात. सेतिमिओ ब्रांदोनीने आधी वाइन केली आणि मग तिला शोभेल असं जेवण शोधायला निघाला. सगळा घोळ तिथेच सुरू झाला. पण हे त्याला कुणी सांगायला गेलं असतं, तर त्याने ते म्हणणं तीन प्रतींत लिहून आणायला सांगितलं असतं. मोंतेरुब्बिओच्या नगरपालिकेत जन्ममृत्यूच्या खिडकीमागे चौतीस वर्षं बसलेल्या माणसाची सवय निवृत्त झाल्याबरोबर कशी जाणार?

निवृत्तीनंतर महिनाभर तो घरातल्या वस्तू जागच्या जागी लावत बसला आणि बायकोने, एर्सिलियाने, त्याला हात जोडले. मग त्याला घराखालच्या उतारावरच्या चार ओळी आठवल्या. वडिलांनी लावलेल्या वेर्दिक्किओ या पांढऱ्या द्राक्षांच्या वेली. द्राक्षं दरवर्षी शेजारची झेलिंदा तोडून न्यायची आणि बदल्यात ससे द्यायची. या वर्षी द्राक्षं द्यायची नाहीत, वाइन घरीच करायची, असं सेतिमिओने जाहीर केलं. तीही वडिलांच्या तुतीच्या लाकडाच्या पिंपात.

"अहो, त्या पिंपात पुढे सासूबाई..." एर्सिलिया म्हणाली.

"बाबांचं पिंप आहे ते."

"होतं. पण बाबा गेल्यावर सासूबाईंनी त्यात वीस वर्षं..."

"एर्सिलिया, पिंप कुणाच्या नावावर आहे याबद्दल वाद नको."

सासूबाईंनी त्या पिंपात वीस वर्षं व्हिनेगर केलं होतं. हे सेतिमिओला माहीत नव्हतं असं म्हटलं तर खोटं वाटेल, पण खरंच नव्हतं. ती वीस वर्षं तो सकाळी आठला कचेरीत जायचा, दुपारी दोनला येऊन जेवायचा, आणि स्वयंपाकघरातल्या कुठल्या बाटलीत काय असतं हा विभाग त्याच्याकडे नव्हता. त्याने पिंपावरचा आईचा निळा काचेचा बुधला उचलून फळीवर ठेवला, पिंप सोडा टाकून एकदा धुतलं, आणि वडिलांची आठवण येऊन त्याचे डोळे भरून आले. तिसऱ्यांदा सांगायला आलेली एर्सिलिया ते बघून तशीच परत गेली.

वाइन पिंपात निवांत पडली होती, तोवर जानेवारीत मुलीच्या होणाऱ्या सासरच्यांशी ओळखीचा प्रसंग आला. फ्योरेन्झा आंकोनाच्या पोस्टात नोकरीला होती आणि तिथल्याच बंदरात काम करणाऱ्या आदेल्मोशी तिचं जमलं होतं. आदेल्मो गरीब माणूस. त्याची आई आर्जिया मात्र गरीब नव्हती, कुठल्याच अर्थाने. बंदराजवळ तीस वर्षं खाणावळ चालवलेली, धिप्पाड विधवा बाई. तिने पाव परत पाठवला तर बेकरीवाला दुसऱ्या दिवशी स्वतः माफी मागायला यायचा म्हणतात.

तिने पाहुण्यांना वाइन ओतली. सेतिमिओने पेला दोन बोटांनी बाजूला सारला.

"राग मानू नका, विहीणबाई. आमच्या घरी विकतची वाइन उंबऱ्याच्या आत येत नाही."

टेबलाखाली फ्योरेन्झाने बापाच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता.

"असं?" आर्जिया म्हणाली. "मग जूनमध्ये येतेच. मी घर जेवणाच्या टेबलावरून ओळखते, व्याहीबुवा. तुमचा उंबराही बघून घेऊ."

परतीच्या बसमध्ये फ्योरेन्झा रडकुंडीला आली. "बाबा, त्या हो म्हणेपर्यंत आदेल्मो लग्नाची तारीख ठरवणार नाही. त्यांच्या शब्दाबाहेर तो नाही. तुम्हाला मुकाट्याने एक पेला प्यायला काय झालं होतं?"

"तारीख जूनमध्ये ठरेल," सेतिमिओ म्हणाला. "माझ्या वाइनवर ठरेल."

मार्च महिन्यात उतरता चंद्र बघून वाइन बाटल्यांत भरली. चढत्या चंद्रावर भरली तर बुचं उडतात, हे झेलिंदाने बजावलं होतं, आणि सेतिमिओने कॅलेंडरवर त्या दिवसाला लाल पेन्सिलीने गोल केला होता. बरोबर साठ बाटल्या भरल्या. उरलेली थोडी पिंपाच्या तळाशी राहू दिली. मग पहिला पेला भरून त्याने एर्सिलियाला दिला. एक घोट घेताच तिचा एक डोळा आपोआप मिटला.

"वेर्दिक्किओला धार असतेच," सेतिमिओ म्हणाला. "आणि शेवटी कडू बदामाची चव येते."

"बदामापर्यंत मी पोचलेच नाही," एर्सिलिया म्हणाली.

सेतिमिओ मात्र बदामापर्यंत पोचला. स्वतःच्या हातची पहिली वाइन पिणारा माणूस कुठेही पोचतो. आता प्रश्न एवढाच होता की तिच्यासोबत विहीणबाईंना वाढायचं काय? त्यासाठी त्याने रीतसर समिती नेमली. शेजारीण झेलिंदा, औषधांच्या दुकानाचा मालक एल्पिदिओ आणि गावचे फादर क्विंतो. बैठक दर रविवारी, प्रार्थनेनंतर.

पहिल्या रविवारी झेलिंदाने रानबडीशेप भरून भाजलेला ससा आणला. तिच्या सशाचं नाव तीन गावांत होतं. सगळ्यांनी घास घेतला, वर वाइनचा घोट घेतला, आणि पेले हळूच खाली ठेवले. सेतिमिओ प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होता, पहिलं पाऊल टाकणाऱ्या पोराकडे आई बघते तसा. अशा माणसाला खरं सांगायला काळीज दगडाचं लागतं, आणि शिवाय समितीतल्या प्रत्येकाच्या घरचे जन्माचे दाखले कधी ना कधी याच माणसाने वेळेवर काढून दिले होते.

एल्पिदिओ खाकरला. "वाइन... वाइनबद्दल प्रश्नच नाही. पण ससा. ससा हिच्यापुढे जरा फिका पडतो."

"माझा ससा?" झेलिंदा कडाडली. मग तिने आणखी एक घोट घेतला आणि सेतिमिओचा चेहरा बघितला. "हो. यंदाचा ससाच तसा आहे."

असं म्हणणं तिला किती जड गेलं असेल ते तिलाच ठाऊक. घरी जाऊन ती पहिल्यांदा सशांवर ओरडली आणि मग नवऱ्यावर.

एकदा वाट सापडल्यावर समितीचं काम सोपं झालं. दुसऱ्या रविवारी एल्पिदिओच्या बायकोने बटाटे घालून शिजवलेला सुका मासा आणला. वाइन उत्तम, मासा खारट. तिसऱ्या रविवारी खिमा भरून तळलेली ऑलिव्ह आली. वाइन फर्मास, ऑलिव्ह तेलकट. चौथ्या रविवारी टोमॅटोत शिजवलेल्या गोगलगाई आल्या, आणि त्यांच्यावर तर सगळे तुटूनच पडले, कारण तोवर दोष देण्याचा सराव झाला होता. फादर क्विंतोंची पंचाईत वेगळीच होती. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं.

"सेतिमिओ, मी आजवर अशी वाइन प्यायलो नव्हतो," ते डोळे पुसत म्हणाले. "हिच्यासोबत काहीही खाल्लं तरी माणसाचं लक्ष वाइनवरून हटत नाही."

सेतिमिओला भरून आलं. "फादर, सहा बाटल्या चर्चच्या पूजेसाठी घेऊन जा."

"नको," फादर घाईघाईने म्हणाले. "देवाला जुन्या वाइनची सवय आहे. या वयात त्याला कशाला त्रास?"

बैठका वाढत गेल्या आणि बाटल्या कमी होत गेल्या. समिती खाण्याच्या बाबतीत मन लावून काम करायची. साठाच्या अडतीस झाल्या, अडतिसाच्या बावीस. गावातल्या चांगल्या सुगरणी एकेक करून नाराज झाल्या. रस्त्यात सेतिमिओ दिसला की त्या ओट्यावरून उठून आत जात. त्याला वाटायचं, वाइनच्या कीर्तीमुळे लोक जरा दबून वागतायत.

एप्रिलमध्ये त्याला वाटलं, विहीणबाईंसमोर नुसती बाटली ठेवून भागणार नाही, सोबत सरकारी कागद हवा. जिल्ह्याच्या गावी शेतकी प्रयोगशाळा होती. तिथे नमुना दिला की तपासून शिक्क्याचा दाखला मिळायचा. सेतिमिओ पहिल्या दिवशी गेला, तर अर्जाला मुद्रांक नव्हता. दुसऱ्या दिवशी मुद्रांक होता, पण डाव्या कोपऱ्यात चिकटवलेला. तिसऱ्या दिवशी खिडकीतली पोरगी म्हणाली, "काका, सही काळ्या शाईची चालत नाही. निळी लागते."

हे वाक्य सेतिमिओने स्वतः चौतीस वर्षांत हजारदा उच्चारलं होतं. ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्याला राग आला आणि अभिमानही वाटला. चौथ्या दिवशी त्याने निळ्या शाईत सही केली, छापील रकान्यांची यादी वाचली (वाइन, व्हिनेगर, तेल, मध, इतर), ‘वाइन’पुढे ठसठशीत खूण केली आणि लाखेने बंद केलेल्या तीन बाटल्या खिडकीतून आत सरकवल्या.

सहा आठवड्यांनी पत्र आलं. सेतिमिओने चष्मा लावून ते एर्सिलियाला मोठ्याने वाचून दाखवलं. "सादर केलेला नमुना अर्जात खूण केलेल्या वर्गात बसत नाही. अर्जदाराने योग्य रकान्यात खूण करून अर्ज पुन्हा सादर करावा."

एर्सिलियाने हातातलं फडकं खाली ठेवलं. आता तरी, तिला वाटलं, आता तरी कळेल.

"बघितलंस?" सेतिमिओ टेबलावर हात आपटून म्हणाला. "कामचुकार लेकाचे! बाटली उघडलीसुद्धा नसणार. आळस आला की हेच वाक्य लिहायचं असतं. मीच लिहायचो!"

त्याने पत्राची आणि सोबत परत आलेल्या अर्जाची घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. वरच्या कचेरीकडे तक्रार करायची म्हणून ते त्या दिवसापासून त्याच्या छातीशीच होतं.

जून आला. जेवण ठरलेलं नव्हतं. समितीच्या शेवटच्या बैठकीत फादर क्विंतोंनी, कदाचित गावातल्या उरल्यासुरल्या सुगरणींना वाचवण्यासाठी, सुचवलं की ही वाइन डोंगरातल्या जेवणासाठी नसावीच. हिला समुद्राचा मासा हवा. फ्योरेन्झाने आंकोनाहून फोनवर निरोप दिला. "बाबा, आर्जियाबाई म्हणतात, मासे मीच आणणार आणि त्यांचा रस्सा, ब्रोदेत्तो, मीच शिजवणार. डोंगरातल्या माणसांनी माशाला हात लावायचा नाही, असं म्हणाल्या."

"उत्तम!" सेतिमिओ म्हणाला. "जेवण त्यांचं, वाइन माझी. बरोबरीचा सामना."

आणि इथे एर्सिलियाने जे केलं ते सेतिमिओला नंतर कळलं, पण वाचकाला आताच सांगून टाकलेलं बरं. पोरीच्या लग्नाचा प्रश्न होता. तिने आणि झेलिंदाने झेलिंदाच्या नवऱ्याची गाडी काढली, खालच्या द्राक्षबागायतदारांच्या सहकारी संस्थेत जाऊन चांगल्यापैकी वेर्दिक्किओ आणली, आणि सेतिमिओ तक्रारीचा मसुदा करत बसला असताना उरलेल्या बाटल्या रिकाम्या करून त्यात ती भरली. सेतिमिओच्या हातची चिठ्ठी प्रत्येक बाटलीवर तशीच राहू दिली. ओतून द्यायला जीव धजेना, म्हणून काढलेली वाइन तिने पिंपाबाजूच्या बरण्यांत ठेवली. पिंपाच्या तळाला जे उरलं होतं त्याने तोवर सासूबाईंच्या वीस वर्षांशी पूर्ण जुळवून घेतलं होतं. त्यातलं थोडं तिने वासावरून ओळखून स्वयंपाकघरात आणून ठेवलं.

रविवारी अकरा वाजता आदेल्मोची गाडी दारात थांबली. गाडीचं दार उघडताच आतून व्हिनेगरचा असा भपकारा आला की सेतिमिओ दोन पावलं मागे सरला.

"तुमचा रस्ता आहे की आतडं?" आर्जिया उतरत गरजली. "शेवटच्या वळणावर माझी व्हिनेगरची बाटली फुटली. तेरा जातींचे तेरा मासे धडधाकट आणले आणि व्हिनेगर गेलं! व्हिनेगरशिवाय ब्रोदेत्तो म्हणजे नुसतं माशांचं पाणी."

"आमच्याकडे आहे की," एर्सिलिया म्हणाली, आणि लगेच तिला वाटलं आपण जीभ चावायला हवी होती.

"डोंगरातलं? बघते."

बायका आत गेल्या. सेतिमिओ जेवणाच्या खोलीत बाटल्या ओळीने लावत होता. आतून भांड्यांचा, सुरीचा, आर्जियाच्या हुकमांचा आवाज येत होता, आणि एकदम सगळं थांबलं. 

"कुठलं आहे हे?" आर्जियाचा आवाज आला.

"घरातलंच," एर्सिलिया हळूच म्हणाली.

जेवायला समितीही होती. सेतिमिओने स्वतः उभं राहून सगळ्यांना वाइन ओतली. फादर क्विंतोंनी डोळे मिटून, मनातल्या मनात प्रार्थना करून घोट घेतला. मग त्यांनी डोळे उघडले, पेल्याकडे बघितलं, छताकडे बघितलं आणि छातीवर क्रूसाची खूण केली. याहून लहान गोष्टींना चर्चने चमत्कार म्हटलेलं आहे. एल्पिदिओने तर न सांगता दुसरा पेला भरला.

सेतिमिओला स्वतःला ती आज जरा बुजल्यासारखी वाटली. एरवीची धार नव्हती. पाहुणे आहेत म्हणून असेल, त्याने स्वतःला समजावलं.

"वाइन चांगली आहे," आर्जिया म्हणाली. "स्वच्छ आहे. अशी वाइन मी तीस वर्षं विकली, कुणाची तक्रार आली नाही."

सेतिमिओने फ्योरेन्झाकडे असं बघितलं की जानेवारीतल्या त्या पायावर दिलेल्या पायाचा सगळा हिशेब चुकता झाला. "मी म्हणालो नव्हतो?"

"पण व्याहीबुवा, मला त्या व्हिनेगरबद्दल विचारायचंय."

"व्हिनेगर?" सेतिमिओ हसला. "असेल कुठल्यातरी दुकानातलं. त्या विभागाचं मला काही माहीत नसतं. आपण वाइनबद्दल बोलू."

"दुकानात हे मिळत नाही," आर्जिया म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "मी खाणावळ सुरू केली तेव्हा डोंगरातून एक बाई यायची. दर शुक्रवारी, सकाळच्या बसने, निळा बुधला घेऊन. पैसे घ्यायची नाही. व्हिनेगर द्यायची आणि मासे न्यायची. एकेका माशाचे कल्ले उघडून बघायची, माझ्या डोळ्यांदेखत! माझ्यावर अविश्वास दाखवणारी बंदरात ती एकच. माझ्या ब्रोदेत्तोचं नाव झालं ते तिच्या व्हिनेगरावर. मग एका शुक्रवारी ती आली नाही. पुढच्याही आली नाही. मूर्ख मी, वीस वर्षांत तिचं नाव विचारलं नाही. आज दहा-बारा वर्षांनी तीच चव जिभेवर आली, तर तुमच्या बायकोसमोर रडले मी. ती सांगेल."

 सेतिमिओने अजून ब्रोदेत्तोला हात लावला नव्हता, वाइनच्या कौतुकात राहून गेलं होतं. त्याने चमचा बुडवून तोंडात घातला.

शुक्रवार. दोनचं जेवणाचं टेबल. आई म्हणायची, बहिणीला भेटून आले, येताना मासे आणले. त्याने कधी विचारलं नव्हतं की मावशी आंकोनात राहतच नाही, तर मासे कुठून येतात. त्याने दुसरा चमचा घेतला. मग एर्सिलियाकडे बघितलं. ती पावाचे बारीक बारीक तुकडे करत होती.

सेतिमिओ उठला आणि तळघरात गेला. पिंपाच्या तोटीखाली त्याने पेला धरला आणि एक घोट घेतला. मग बाजूच्या बरण्या दिसल्या, त्यांतलंही चाखलं, आणि त्याला सगळं एकदम समजलं. सशाचा दोष नव्हता. माशाचा, ऑलिव्हचा, गोगलगाईंचाही नव्हता. गाव चार महिने त्याच्यासाठी खोटं बोलत होतं, आणि फादर बिचारे खरं बोलत होते. लाजेने त्याचे कान तापले. वर त्याच्या वाइनचं कौतुक चाललं होतं. नुसतं गप्प बसलं की सगळं जिंकल्यात जमा होतं. पण मग फळीवरचा तो बुधला कुणाचा, हे विहीणबाईंना कोण सांगणार होतं?

तो वर आला तेव्हा त्याच्या हातात निळा बुधला होता. तो त्याने आर्जियासमोर ठेवला. तिने तो दोन्ही हातांनी धरला.

"ती माझी आई," सेतिमिओ म्हणाला. "जेसुइना ब्रांदोनी. आणि हे व्हिनेगर मी केलंय. केलं होतं वाइन म्हणून."

"आणि ही पेल्यातली?"

"सहकारी संस्थेची," एर्सिलिया पावाकडे बघत म्हणाली.

"म्हणजे," आर्जिया सावकाश म्हणाली, "विकतची वाइन तुमच्या उंबऱ्याच्या आत आली."

"आली," सेतिमिओ म्हणाला. चौतीस वर्षांच्या नोकरीत इतका छोटा शब्द त्याला इतका जड गेला नव्हता.

"म्हणजे माझ्या सशात काही खोट नव्हती!" झेलिंदा उभी राहून ओरडली. "सगळ्यांनी ऐकलं ना? नव्हती!"

आर्जिया हसायला लागली. आधी खांदे हलले, मग टेबल हललं. हसता हसता तिने डोळे पुसले आणि आदेल्मोच्या पाठीत धपका घातला. "अरे, वाइन कुठेही मिळते! सप्टेंबरचा दुसरा रविवार. द्राक्षं तोडायच्या आधी उरकू, म्हणजे व्याहीबुवा पुढच्या कामाला मोकळे. आणि माझी एक अट आहे. दर शुक्रवारी एक बुधला. तुम्ही स्वतः आणायचा, मासे घेऊन जायचे."

"कल्ले उघडून बघितले तर चालेल?" सेतिमिओने विचारलं.

"जेसुइनाबाईंचा मुलगा आहात. न बघता नेलेत तर मीच देणार नाही."

फ्योरेन्झा बापाच्या गळ्यात पडली तेव्हा तिला त्याच्या कोटाच्या खिशात काहीतरी कडक लागलं. सेतिमिओने ते पत्र बाहेर काढलं, सोबत जोडून आलेला अर्ज ताटाशेजारी उलगडला आणि फादरांकडे पेन मागितलं. पेन काळं निघालं. ते परत करून त्याने एल्पिदिओकडून निळं घेतलं. ‘वाइन’पुढची खूण नीट खोडली, खोडल्याबद्दल समासात सही केली, आणि एक रकाना खाली सरकून नवी खूण केली. मग चष्मा कपाळावर चढवून त्याने कागद पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत तपासला. बाकी अर्जात चूक कुठेही नव्हती.